रोमच्या युवा जुबिलीच्या नावाखाली 63 लाखांचा गंडा

सोल 2027 च्या जागतिक युवा दिनाची (कॅथलिक तरुणांचा जागतिक मेळावा) ‘आजच सीट बुक करा’ अशी पत्रकं आत्तापासून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली आहेत, म्हणून हे लिहितोय. 2025 च्या रोमच्या युवा जुबिलीसाठी, म्हणजे कॅथलिकांच्या पवित्र वर्षातल्या तरुणांच्या मेळाव्यासाठी, वसईतल्या आमच्या गटातल्या 34 जणांनी एका टूर एजंटकडे माणशी ₹1,86,500 भरले. एकूण ₹63,41,000. 28 जुलै ते 3 ऑगस्टच्या त्या आठवड्यात जगभरातली मुलं तोर व्हेर्गाताच्या मैदानावर पोप लिओ यांच्याबरोबर जागरण प्रार्थनेला होती, आणि आमची मुलं घरात बसून ते मोबाईलवर बघत होती. कुणाच्या आईने पतपेढीतून कर्ज काढलं होतं, कुणी दादरला फुलं विकून साठवलेले पैसे दिले होते.

‘शिकलेसवरलेले असून कसे फसलात?’ असं ज्याला-त्याला विचारायचं आहे. तो एजंट काही रस्त्यावरचा भामटा नव्हता. याच माणसाने आजूबाजूच्या धर्मग्रामांतले (चर्चच्या हद्दींतले) लोक पवित्र भूमीला, म्हणजे जेरुसलेमकडे, नेले होते आणि सुखरूप परत आणले होते. रविवारच्या मिस्सानंतरच्या (चर्चमधल्या प्रार्थनेनंतरच्या) सूचनांमध्ये त्याचं पत्रक वाचलं गेलं, चर्चच्या फलकावर लागलं. त्यावर जुबिलीचं बोधचिन्ह होतं. अशा माणसावर कुणी संशय घेतला असता? पवित्र भूमीची सहल खरी होती, तीच त्याने भांडवल म्हणून वापरली. त्यामुळे एजंटने आधी कुणाला नेलं होतं हे विचारून भागत नाही. या वेळचा पैसा कुठल्या खात्यात जातोय हे विचारा. आमचे पैसे फर्मच्या नव्हे, त्याच्या नातेवाइकाच्या बचत खात्यात गेले. ‘फर्मचं खातं ऑडिटमुळे बंद आहे’ हे त्याचं कारण.

जानेवारीत ₹25,000 बुकिंगचे, फेब्रुवारीत ₹80,000 विमानाचे, मार्चमध्ये ₹65,500 व्हिसा आणि हॉटेलचे. झाले ₹1,70,500. उरलेल्या ₹16,000 ची गोष्ट फार संताप आणणारी आहे. 21 एप्रिलला, ईस्टर सोमवारी, तेव्हाचे पोप फ्रान्सिस गेले. सगळे दुःखात असताना आठवड्याभरात याचा मेसेज आला: ‘व्हॅटिकनने जुन्या नोंदण्या रद्द केल्या, नव्या नोंदणीसाठी माणशी 16,000 तातडीने भरा.’ धडधडीत खोटं. कार्लो अकुतिस या किशोरवयात वारलेल्या मुलाचा संतपदाचा सोहळा तेवढा पुढे गेला होता. किशोरांची जुबिली 25 ते 27 एप्रिललाच झाली, आणि युवा जुबिलीच्या तारखा बदलल्याच नाहीत. पोपसाहेबांच्या मृत्यूवर पैसे कमवायला याला लाज वाटली नाही.

पावतीत ‘पवित्र द्वार प्रवेश ₹2,800’ आणि ‘पोप ऑडियन्स तिकीट ₹3,500’ अशा दोन ओळी होत्या. दोन्ही गोष्टी फुकट असतात. पवित्र द्वारातून (जुबिलीत उघडणाऱ्या बॅसिलिकेच्या खास दारातून) जायला वेळ आरक्षित करावी लागायची, पण त्याचे पैसे नव्हते. यात्रेकरू कार्ड, म्हणजे जुबिलीच्या नोंदणीचं कार्ड, तेही मोफत होतं. बुधवारच्या ऑडियन्सचं (पोपच्या जाहीर भेटीचं) तिकीट तर व्हॅटिकन कधीच विकत नाही. युवा जुबिलीचं निवास-जेवणाचं अधिकृत पॅकेज सशुल्क होतं, पण त्यात मुलं शाळांच्या हॉलमध्ये, व्यायामशाळांत, स्लीपिंग बॅग टाकून जमिनीवर झोपतात. जागतिक युवा दिनालाही असंच असतं. दहा लाखांच्या घरात तरुण जमणार असताना ‘व्हॅटिकनपासून पायी अंतरावर थ्री स्टार, दोघांत एक खोली’ असं कुणी सांगितलं, तर तिथेच उठून या.

आता तिकिटाचं, कारण खरी मेख तिथे होती. एप्रिलमध्ये प्रत्येकाला एक पीडीएफ आली. सहा अक्षरांचा पीएनआर, नाव पासपोर्टप्रमाणे, मुंबईहून रोमला जायची-यायची तारीख, समोर ‘एचके’. विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकला की बुकिंग दिसायचं. आता सांगा, यापलीकडे सामान्य माणूस काय तपासणार? पण एचके म्हणजे फक्त जागा धरून ठेवली आहे, पैसे भरले असा त्याचा अर्थ होत नाही. पैसे भरले की 13 आकडी ई-तिकीट क्रमांक येतो आणि त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात: एमिरेट्सचे 176, कतारचे 157, एअर इंडियाचे 098. आमच्या पीडीएफमध्ये त्या क्रमांकाची जागा कोरी होती. अगदी तळाशी, बारीक अक्षरात, तिकीट काढायची शेवटची तारीख छापलेली होती. ती उलटली आणि सगळ्या 34 जागा आपोआप सुटल्या. ती ओळ आठवली की आजही डोकं फिरतं. 34 घरांत ती पीडीएफ उघडली गेली, प्रिंट काढून फ्रिजवर लावली गेली, आणि त्या एका कोऱ्या रकान्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, कारण तो रकाना म्हणजे काय हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. पीएनआरवर पुढचा हप्ता देऊ नका. तिकीट क्रमांक मागा आणि कंपनीच्या कस्टमर केअरला स्वतः फोन करून विचारा.

व्हिसाचंही तेच. ‘ग्रुप असल्यामुळे बोटांचे ठसे द्यायला कुणी यायची गरज नाही’ असं सांगून त्याने पासपोर्ट गोळा केले. शेंगेन व्हिसासाठी (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावंच लागतं. मागच्या 59 महिन्यांत ठसे दिले असतील तर वेगळी गोष्ट, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना सूट आहे. ग्रुपला सूट वगैरे काही नसते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान 15 दिवस आधी तरी करावा लागतो. जुलै उजाडला तरी ‘अपॉइंटमेंट पुढे गेली’ चालू असेल, तर अर्ज झालेलाच नाही असं धरा. व्हिसाची फी 90 युरो, त्या वेळच्या दराने साडेआठ हजारांच्या आसपास. पावतीत त्याने ₹18,500 लावले होते. शिवाय यादीत दोन नावं अशी निघाली की ती मुलं आमच्या काय, कुठल्याच धर्मग्रामातली नव्हती. यात्रेच्या आडून परदेशी पळणाऱ्यांमुळे वकिलाती आधीच साशंक असतात. यादी युवा संघाने स्वतः बनवावी, फादरांच्या सहीची, आणि त्यात एकही नाव एजंटचं घुसू देऊ नये.

आणखी एक. परदेशी टूर पॅकेजवर 2025 मध्ये एजंटला 5 टक्के टीसीएस (ग्राहकाकडून आधीच घेतला जाणारा कर) घ्यावा लागायचा. आमच्या पावतीत माणशी ₹8,119 दाखवले होते. हा पैसा सरकारात तुमच्या पॅनवर जमा व्हावा लागतो आणि तेव्हा तो फॉर्म 26एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात) दिसायचा. एजंटने जानेवारी ते मार्चचं विवरण 15 मेपर्यंत भरायचं होतं, म्हणजे मेअखेर आपलं 26एएस उघडलं असतं तर एजंट खरा की खोटा ते कळलं असतं. आमच्या कुणाच्याच पॅनवर एक रुपया नव्हता. जीएसटी क्रमांकही पोर्टलवर टाकून बघा. पावतीवरचा नंबर रद्द झालेल्या नोंदणीचा होता. यात्रेकरू कार्ड म्हणून पाठवलेले सगळे क्यूआर स्कॅन केले तर 34 जणांचा कोड एकच.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात फोन बंद, ऑफिसला कुलूप. त्यानंतर जे झालं ते फसवणुकीइतकंच चीड आणणारं आहे. पोलीस ठाण्यात म्हणाले, ‘हा दिवाणी मामला आहे.’ मग म्हणाले, खातं मुंबईतलं आहे, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, तुम्ही राहता तिथे जा. शेवटी साध्या कागदावर तक्रार अर्ज घेतला, एफआयआर नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा दिवाणी कसा होतो, याचं उत्तर कुणी दिलं नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, पण खातं तोवर रिकामं होतं. आणि ज्यांच्या फलकावर पत्रक लागलं, त्यांनी ‘आम्ही फक्त माहिती दिली’ म्हणून हात झटकले. माहिती देण्याआधी एक जीएसटी नंबर तपासायला किती वेळ लागतो?

हद्दीचं कारण सांगून एफआयआर नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. नकार दिला तर तक्रार पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाठवा, पोच जपून ठेवा, आणि मग कलम 175 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. आमचा अर्ज आता तिथे आहे. त्याने दोन मुलांचे पासपोर्ट परत दिलेले नाहीत, ती तक्रार आम्ही वेगळी केली आहे, कारण पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते आणि एजंटला तो दाबून ठेवता येत नाही.

ग्राहक आयोगात मात्र एकत्र जाऊ नका. सगळ्यांची रक्कम मिळून 50 लाखांच्या वर गेली की प्रकरण जिल्ह्यातून राज्य आयोगाकडे जातं. प्रत्येकाने वेगळी तक्रार केली तर ती आपल्याच जिल्ह्यात चालते, आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. मुदत दोन वर्षं आहे. याच माणसाकडे बोरिवली आणि ठाण्याच्या मुलांनीही पैसे भरले होते असं ऐकतोय. त्यांनी बँकेचं स्टेटमेंट, ती पीडीएफ आणि व्हॉट्सअ‍ॅपचं पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवावं. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ फोनही सांभाळावा, कारण पुरावा म्हणून तोच मागतात.