पिवळा प्लॉट की हिरवे गुंठे? नाशकात जागा घेण्याआधी

मेहुण्याने गेल्या महिन्यात दोन जागा पाहिल्या. एक म्हसरूळला, दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट. दुसरी गिरणाऱ्याच्या अलीकडे, पाच गुंठे, मागे डोंगर आणि बांधाला लागून द्राक्षबाग. पैसे जवळजवळ सारखेच. पाच गुंठे म्हणजे 5,445 चौरस फूट, म्हणजे साडेतीनपटीहून जास्त जागा. त्याचा जीव कुठे अडकला हे सांगायला नको.

मी विचारलं, "रंग बघितलास का?" तो म्हणाला, "माती काळीभोर आहे." मी नकाशावरच्या रंगाबद्दल विचारत होतो.

महापालिका हद्दीत 2017 ला मंजूर झालेली विकास योजना (डीपी) चालते. डीपीच्या नकाशात पिवळा म्हणजे रहिवास, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, हिरवा शेती. म्हसरूळ हद्दीत येतं. गिरणारं हद्दीबाहेर, तिथे प्रादेशिक योजना बघायची आणि बांधकामाची परवानगी एनएमआरडीएकडे (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) मागायची. कुठल्या जागेवर काय आणि किती बांधायचं, याची नियमावली मात्र डिसेंबर 2020 पासून जवळपास सगळ्या राज्याला एकच आहे.

आधी पिवळा प्लॉट. डीपीत रहिवास असेल तर एनएसाठी, म्हणजे बिगरशेती वापरासाठी, वेगळ्या परवानगीच्या मागे धावावं लागत नाही, ठरलेली रक्कम भरायची असते. (सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नजराण्याचा, म्हणजे शासनाला भरायच्या रकमेचा, हिशेब येतो.) मूळ एफएसआय (जागेच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) 1.1, म्हणजे दीड हजार फुटांवर 1,650 फूट. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) चढवता येत नाही. आम्ही टेप घेऊनच गेलो होतो. ले-आऊटमध्ये रस्ता 9 मीटर, जागेवर एका कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत साडेसात. कुणीतरी भिंत पुढे सरकवलेली. पुढेमागे वरचा मजला चढवायचा तर हे दीड मीटर नडणार, म्हणून भाव करताना तेच पुढे केलं.

आता हिरवे गुंठे. पहिली अडचण कूळकायद्याची. आपण शेतकरी नसू तर शेतजमीन नावावर होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मेहुण्याचे वडील येवल्याकडचे शेतकरी, त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला निघेल. दुसरी अडचण तुकडेबंदीची, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्याची. प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्र बागायतीला 10 गुंठे, जिरायतीला 20. पाच गुंठ्यांचा वेगळा तुकडा त्यात बसत नाही. एजंटकडे यावर उत्तर तयार असतं: "सामाईक नाव लावून देतो, दादा." आमच्याच एका नातलगाने असे तीन गुंठे घेतले. आज उताऱ्यावर अकरा नावं आहेत आणि त्याचे तीन गुंठे नेमके कोणत्या कोपऱ्यात आहेत, हे अकराही जण वेगवेगळं सांगतात. बँक कर्ज देईना, नकाशा मंजूर होईना. तुकडेबंदीत 2025 मध्ये सवलती आल्या हे खरं, पण त्या रहिवास आणि तत्सम पट्ट्यांतल्या तुकड्यांसाठी. हिरव्याला त्यांचा आधार नाही.

शेतघराला परवानगी मिळते, पण ती शेती करणाऱ्याला आणि मर्यादित बांधकामाला. दहा बंगल्यांची सोसायटी शेतघर म्हणून उभी राहत नाही. "दोन वर्षांत येलो होणार" हे वाक्य तर मी मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी, सगळीकडे ऐकलंय. झोन बदलतो, नाही असं नाही. पण त्यासाठी हरकती-सूचना, प्रस्ताव आणि शेवटी शासनाची मंजुरी लागते. त्या आशेवर आजच पिवळ्याचा भाव कशाला मोजायचा?

नुसत्या पिवळ्यावरही भुलू नये. पिवळ्या जागेवर शाळा, उद्यान किंवा डीपी रस्त्याचं आरक्षण पडलेलं असू शकतं. योजना लागू झाल्यापासून 10 वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 ची नोटीस देतो, आणि पुढच्या 24 महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण सुटतं. तोवर जागा अडकलेली. आणि गोदावरी, नासर्डी, वालदेवीकाठी पूररेषा. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं यावरून आपण पूर मोजतो, नगररचना मात्र दोन रेषांनी मोजते: निळी 25 वर्षांतल्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळीच्या आत नवं बांधकाम नाही, निळी-लालच्या मधे अटींवर. नदीकाठचा स्वस्त प्लॉट बहुतेक वेळा यामुळेच स्वस्त असतो.

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतले भूखंड भाडेपट्ट्याचे, घरासाठी त्यांचा विचारच नको.

माझं मत विचाराल तर राहायला घर हवं असेल तर म्हसरूळ, डोळे झाकून नाही पण नक्की. शेतीची खरीच हौस असेल तर गिरणाऱ्याला पूर्ण 20 गुंठे, स्वतंत्र सातबारा, स्वतंत्र रस्ता. पाच गुंठे कुणासाठीच नाहीत. मेहुण्याने म्हसरूळच्या गट नंबरचा झोन दाखला आणि डीपीचा भाग नकाशा मागवलाय. तो हातात येईपर्यंत इसार द्यायचा नाही, असं बहिणीने बजावलंय. द्राक्षं काय, सीझनला गिरणाऱ्याहून क्रेटने आणू.