सर्च कन्सोल आणि बिंग वेबमास्टर टूल्स: संकेतस्थळ नोंदणीची दोन विनामूल्य साधने

नवे संकेतस्थळ शोधयंत्रांपर्यंत पोहोचवण्यासाठी शुल्क घेणाऱ्या सेवा आजही ‘शेकडो डिरेक्टऱ्यांत’, म्हणजे संकेतस्थळांच्या विषयवार याद्यांत, ‘नोंदणी’ करून देण्याचे आश्वासन देतात. परंतु ज्या डिरेक्टऱ्यांना एके काळी खरोखर वजन होते, त्यांपैकी याहूची डिरेक्टरी २०१४च्या अखेरीस आणि स्वयंसेवकांनी चालवलेली डीमॉझ २०१७मध्ये बंद झाली, याचा उल्लेख त्या जाहिरातींत क्वचितच आढळतो.

या कामासाठी गूगलचे सर्च कन्सोल मला सर्वांत उपयुक्त वाटते. संकेतस्थळाची मालकी सिद्ध केल्यानंतर साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळावरील पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल, सादर करता येतो. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी ही मर्यादा लहान संकेतस्थळाला जाणवतही नाही. या साधनाचे खरे मोल मात्र नोंदणीत नसून नंतरच्या अहवालात आहे: कोणते पान गूगलच्या इंडेक्समध्ये (शोधासाठी नोंदलेल्या पानांच्या साठ्यात) गेले नाही आणि ते नोइंडेक्स या पान न नोंदण्याच्या सूचनेमुळे, शोधयंत्रांनी कोणती पाने वाचू नयेत हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमधील मनाईमुळे की दुसऱ्या पानाची नक्कल ठरल्यामुळे, हे तेथे पानागणिक तपासता येते. एखादा पत्ता नोंदण्यासाठी स्वतंत्र विनंतीही करता येते. मात्र तिला मर्यादा आहे, आणि तीच विनंती वारंवार केल्याने पान लवकर नोंदले जात नाही, असे गूगलच सांगते (तरीही ते बटण पुन्हा दाबण्याचा मोह आवरत नाही).

बिंग वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलमधील संकेतस्थळे थेट आयात करता येत असल्याने तेथील नोंदणीला फारसे श्रम पडत नाहीत. २०२१मध्ये बिंग आणि रशियन शोधयंत्र यांडेक्स यांनी आणलेल्या इंडेक्सनाउ या पद्धतीमुळे बदललेले पान अशा शोधयंत्रांना लगेच कळवता येते, ही सोय बातम्या किंवा विक्रीच्या संकेतस्थळांना विशेष मोलाची आहे.