गॅलरीतल्या दोन कुंड्यांसाठी कोणती मिरची: संकेश्वरी, कांथारी की भूत जोलोकिया?

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हिरव्या मिरच्या संकरित असतात. त्यांचं बी धरून पेरलं तर झाड येतं, मिरचीही लागते, पण आईसारखी निघेल याची खात्री नसते. एकदा बी आणून पुढे वर्षानुवर्षं घरचंच वापरायचं असेल, तर जुनं, राखलेलं वाण हवं. गडहिंग्लज-संकेश्वरकडे त्याला ‘जवारी’ म्हणतात. मुलुंडच्या आमच्या गॅलरीत मी असे तीन वाण लावले: जवारी संकेश्वरी, केरळची कांथारी आणि ईशान्येकडची भूत जोलोकिया. तिन्ही एकदम लावले ही चूक झाली. का, ते पुढे सांगते.

संकेश्वरी लांब, सडपातळ, वाळली की सुरकुतते. कांदा-लसूण मसाल्यातली हीच. बी आठ-दहा दिवसांत वर येतं. गणपती गेल्यावर पेरलं, तर दिवाळीच्या आधी रोप कुंडीत जातं आणि संक्रांतीच्या पुढेमागे झाडावर लाल मिरच्या दिसतात. कोवळी ठेच्याला, पिकलेली वाळवून फोडणीला. वर्षाचा मसाला मात्र दोन कुंड्यांवर होत नाही, त्यासाठी उन्हाळ्यात लालबागची मिरची गल्ली गाठावीच लागते. हिला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. समोर टॉवर असेल तर झाड नुसतं उंच वाढतं आणि फुलं गळतात.

कांथारी अगदी उलट. मिरची बोटाच्या पेराएवढी, आकाशाकडे तोंड करून लागणारी आणि चांगलीच जहाल. दोन मिरच्यांत चार माणसांची आमटी झणझणीत होते. झाड काटक असतं, तीन-चार तासांच्या उन्हावर फळतं आणि नीट सांभाळलं तर दोन-तीन वर्षं सहज टिकतं. खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडी ठेवणाऱ्यांना मी डोळे मिटून हीच सुचवते. एक काळजी घ्या: पिकलेल्या मिरच्या बुलबुल उचलतात, कारण पक्ष्यांना तिखट लागत नाही. बियाण्यासाठी ठेवलेल्या फांदीला जाळी बांधा.

भूत जोलोकियाचं आकर्षण मला कळतं. 2007 मध्ये गिनीजने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं, मोजमाप 10 लाख स्कोव्हिलच्या वर (स्कोव्हिल म्हणजे तिखटपणा मोजायचं एकक). तिला फळांसारखा सुगंध असतो, आणि खरं तर तिखटापेक्षा त्याच वासासाठी ती लावावी. पण मुंबईत ती फार वाट पाहायला लावते. बी उगवायलाच तीन ते पाच आठवडे घेतं. मे महिन्यात घरात पेरून पावसाळाभर रोप छपराखाली सांभाळायचं, मग ऑक्टोबरच्या उकाड्यात आलेली पहिली फुलं गळताना बघायची. रात्री गार झाल्याशिवाय फळ धरत नाही, म्हणजे डिसेंबर उजाडतो. कुंडीही मोठी लागते, निदान चौदा इंची. आणि एवढं करून हातात आलेली मिरची घरात खाणार कोण? लहान मूल असेल तर मी ही लावणार नाही. चिरताना हातमोजे घालावेच लागतात. हाताला लागलंच तर आधी तेल चोळून मग साबण लावा, कारण मिरचीचं तिखट पाण्यात विरघळत नाही.

तिन्ही वाणांना मुंबईत त्रास दोनच गोष्टींचा. पहिला पाऊस: कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून जून ते सप्टेंबर कुंडीखालची ताटली काढून टाका. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडतं, तेव्हा कुंडी आतल्या बाजूला सरकवा. दुसरा त्रास बोकड्याचा, म्हणजे पानं आवळून वेडीवाकडी होण्याचा. हे फुलकिडे, पानांचा रस शोषणारे बारीक कोळी आणि पांढरी माशी यांचं काम. आठवड्यातून एकदा संध्याकाळी पानांच्या खालून निंबोळी तेल फवारलं तर सुरुवातीलाच आटोक्यात येतं. पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर मात्र झाड सुधारत नाही, ते उपटून टाका. संकेश्वरीला माझ्याकडे हा त्रास सगळ्यांत जास्त झाला, कांथारीला सगळ्यांत कमी.

आता त्या चुकीबद्दल. मिरचीचं फूल बहुतेक वेळा स्वतःच फळतं, पण माश्या-मुंग्या पराग इकडून तिकडे नेतात. कांथारी आणि भूत जोलोकिया शेजारी असतील तर त्यांची सरमिसळ सहज होते. माझ्या पुढच्या पिढीच्या कांथारीत एक झाड असं निघालं की मिरच्या जाड आणि खाली लोंबणाऱ्या. जवारी बी जपायला निघाले होते आणि स्वतःच संकर करून बसले. म्हणून गॅलरी लहान असेल तर एकच वाण निवडा. दोन हवेच असतील, तर बियाण्याच्या फांदीवर कळ्या उमलण्याआधी मलमलची छोटी पिशवी बांधा, फळ धरलं की काढा आणि त्या फळाला दोरा बांधून खूण ठेवा.

भरपूर ऊन आणि ठेच्याची आवड असेल तर संकेश्वरी. ऊन कमी, जागा ग्रिलपुरती, आणि दरवर्षी रोप करण्याची दगदग नको असेल तर कांथारी. भूत जोलोकिया दुसऱ्या वर्षी, एक झाड हाताखालून गेल्यावर. यंदा मी स्वतः फक्त कांथारी ठेवली आहे, आणि पिशवी बांधलेल्या फांदीवर सात मिरच्या पिकायला लागल्या आहेत.