कार्बन क्रेडिट की कार्बन कर?

चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या साताऱ्याला नव्या नाहीत. त्यातल्या काही प्रकल्पांनी क्योटो या हवामान करारातल्या योजनेखाली कार्बन क्रेडिटही मिळवले. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याचा दाखला. परदेशातली कंपनी तो विकत घेते आणि आपला एक टन धूर त्यात वळता करते.

खरी मेख इथेच आहे. क्रेडिटचे पैसे नसते तरी ती पवनचक्की उभी राहिलीच असती का? करसवलती होत्याच. राहिली असती, तर वाचलेला टन फक्त कागदावर आणि तिकडचा धूर मात्र खरा. एचएफसी-२३ या, शीतकरणाचा वायू बनवताना निघणाऱ्या आणि हवा फार तापवणाऱ्या वायूत तर कहर झाला. तो जाळून मिळणारी क्रेडिटे इतकी किफायतशीर ठरली की काही कारखाने जाळण्यासाठीच तो जास्त बनवतात, असा आरोप झाला आणि युरोपने २०१३ पासून ती घेणेच थांबवले. २०१२ मध्येच क्रेडिटचा भाव टनाला एका युरोखाली कोसळला होता. एवढ्या पैशात कोण भट्टी बदलणार?

कार्बन कर त्यामानाने सरळ. जितका धूर, तितके पैसे. स्वीडनने तो १९९१ पासून लावला. पण आपल्याकडे अशा कराने डिझेल महागले की सांगलीच्या द्राक्ष-हळदीचे भाडे वाढते आणि झळ शेतकऱ्याला बसते. कराचा पैसा त्याच्यापर्यंत परत पोचलाच पाहिजे.

तरीही माझा कौल करालाच. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली एकच टन दोन देशांनी मोजू नये म्हणून नियम आले, हे चांगलेच झाले. मात्र क्रेडिट विकत घेणाऱ्याने आधी स्वतःचा धूर किती घटवला, ते दाखवावे.