माइक चालला म्हणजे केबल बरोबर, असं समजू नका

बँडसाठी स्वतःच्या केबल घ्यायच्या ठरल्या तेव्हा एका विक्रेत्याने ‘स्टेजचा प्लॅन मी फुकट काढून देतो’ म्हटलं आणि मी खूश झालो. किती माल लागेल हे माल विकणाऱ्यालाच ठरवू दिलं. आता लिहितानाही हसू येतं.

आमची यादी साधी होती. ड्रमला 4 माइक, बेस 1, कीबोर्डच्या 2 लाइन, दोन गिटार, तीन गायक. एकूण 12. सगळ्यात जास्त लाइन ड्रमच्या, म्हणून स्टेज बॉक्स, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन जोडल्या जातात ती पेटी, ड्रमच्या शेजारी हवा. विक्रेत्याने तो कागदावर स्टेजच्या पुढच्या टोकाला काढला. त्यामुळे ड्रमच्या चारही केबल स्टेजला वळसा घालून येणार. 5 मीटरचं काम 15 मीटरवर गेलं. वर प्रत्येक लाइनला एक जादा, म्हणजे 24 केबल. ‘ऐन वेळी एखादी गेली तर?’ म्हणे. दोन-तीन जादा पुरल्या असत्या, पण रंगीत नकाशा इतका सुबक होता की मी मान डोलावली.

माल घेताना तपासलाही, हे विशेष. त्याने गाण्याचा साधा डायनॅमिक माइक (याला बाहेरून वीज लागत नाही) लावला, आवाज खणखणीत आला. प्रत्येक केबलवर ‘हॅलो, चेक’ म्हणून झालं.

पहिल्याच कार्यक्रमात घरघर. लाइट मंद केले की वाढायची. ड्रमवरचे कंडेन्सर माइक, ज्यांना चालायला वीज लागते, ते कधी चिरकत, कधी मुके. मिक्सरवर 48 व्होल्टचा फँटम, म्हणजे केबलमधूनच माइकला जाणारी वीज, चालू होता, माइकही चांगले होते. फँटमवरच चालणाऱ्या एका डीआय बॉक्सचा (वाद्याचा सिग्नल माइकच्या केबलवर पाठवणारी डबी) दिवाच लागेना. आमचा कीबोर्डवाला मिक्सरला दोष देत होता, मी विजेच्या जोडणीला.

दुसऱ्या दिवशी एका केबलच्या कनेक्टरची मागची टोपी फिरवून काढली. पिना तीन, पण केबलमधून आलेली तार एकच, आणि तिच्याभोवतीची जाळी. तार 2 नंबरवर, जाळी 1 नंबरवर, आणि 1 वरून 3 वर नखाएवढा तारेचा तुकडा डकवलेला. सोल्डरिंग मात्र सफाईदार, ते मान्य करायला हवं. चोवीसच्या चोवीस तशाच निघाल्या.

बॅलन्स्ड केबलमध्ये आत दोन तारा असतात. वाटेतला गोंगाट दोन्हींवर सारखाच चढतो आणि मिक्सर एकीतून दुसरी वजा करून तो काढून टाकतो. इथे दुसरी तारच नव्हती. डायनॅमिक माइक तरीही चालतो, छोट्या खोलीत तर फरक कळतही नाही. फँटम मात्र 2 आणि 3 अशा दोन्ही पिनांवरून जातो. 3 नंबर जाळीमार्फत अर्थला टेकला की कंडेन्सर उपाशी.

जाब विचारायला गेलो तर त्याने पावती पुढे सरकवली. ‘माइक केबल’ एवढंच लिहिलेलं. ‘साहेब, माइक चालतोय ना?’

तुम्ही घेणार असाल तर पावतीवर ‘बॅलन्स्ड, दोन तारा आणि शील्ड’ (शील्ड म्हणजे ती जाळी) असं लिहून घ्या. मल्टिमीटर बरोबर न्या, बीपवर ठेवा. केबल दोन्हीकडून मोकळी असताना एकाच टोकाच्या 1 आणि 3 वर काड्या टेकवा. बीप वाजली तर केबल तिथेच ठेवा. नंतर या टोकाची 3 आणि त्या टोकाची 3 जुळते का पाहा. ती जुळलीच पाहिजे. एक तरी कनेक्टर उघडून दाखवायला सांगा. आणि प्लॅन स्वतः काढा, स्टेजवर टेप धरून.

पैसे परत मिळाले नाहीत. एक तार आणि भोवती जाळी, ही गिटारच्या केबलचीच रचना, म्हणून पाच-पाच मीटरचे सहा तुकडे करून त्यांना जॅक लावले. सगळं कापलं तर चाळीसेक होतील. गिटार दोनच आहेत.