मिनी व्हॅनच्या काचा: सरकत्या ठेवाव्यात की हँडलच्या बसवाव्यात?

माझ्या मिनी व्हॅनच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश मिनी कारच्या मालवाहू भावंडाच्या, दारात शेवाळ उगवतं. काच ज्या खाचेत सरकते तिथे तळाशी हिरवी मखमल धरते. दर दोन-तीन महिन्यांनी जुना टूथब्रश घेऊन ती खरवडायची, की काच पुन्हा आठवडाभर गुमान सरकते. एसटीची खिडकी दोन्ही हातांनी, दातओठ खात ओढलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायला नको.

त्यामुळे "काढून टाक की ती भानगड, हँडलच्या काचा बसव" असा सल्ला इथे बर्मिंगहॅममध्ये मला सगळेच देतात. गेल्या महिन्यात एका मित्राने सत्तरच्या दशकातली व्हॅन घेतली आणि पहिला प्रश्न हाच विचारला. माझ्याकडे सरकत्या काचा आहेत. दुसऱ्या एकाच्या व्हॅनला हँडलची दारं बसवताना मी हाताखाली होतो, आणि ती गाडीही बरीच चालवली आहे. म्हणून हे सविस्तर.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: मिनी कार आणि मिनी व्हॅन इथे वेगळ्या वाटेने गेल्या. कार १९५९ साली आली, व्हॅन १९६०मध्ये. १९६९च्या शेवटी ब्रिटिश कारला हँडलच्या काचा मिळाल्या आणि दाराच्या बिजागऱ्या आत लपल्या. व्हॅनला मात्र बाहेरच्या बिजागऱ्या आणि सरकत्या काचा ऐंशीच्या दशकात उत्पादन थांबेपर्यंत तशाच राहिल्या. म्हणजे तुमची व्हॅन १९७८ची असली, तरी तिची दारं साठच्या दशकातली समजा.

इथेच लोक फसतात. भंगारात १९७५च्या मिनीची दारं स्वस्तात दिसतात, हँडल असतं, काच शाबूत असते, आणि वाटतं उचलावीत. ती व्हॅनला लागत नाहीत. बिजागरी आत, दाराचा आकार वेगळा, दार ज्यावर टांगतात तो पुढचा खांब वेगळा. बसवायचीच तर खांबाचा आणि चौकटीचा पत्रा कापून नवा जोडावा लागतो. म्हणजे काचेसाठी निम्मी बॉडी उघडायची. रायली एल्फ आणि वोल्सली हॉर्नेट या मिनीच्या थाटामाटाच्या बहिणींना १९६६मध्येच हँडलच्या काचा आल्या होत्या, पण त्यांच्याही बिजागऱ्या आतल्याच. हा रस्ता मी तरी बंद धरतो. गाडीचा पत्रा आधीच कुजलेला असेल आणि सगळं नव्याने करायचं असेल, तरच त्याचा विचार.

खरा पर्याय ऑस्ट्रेलियाचा. सिडनीच्या झेटलंडमधल्या कारखान्यात १९६५पासून मिनी डीलक्सला हँडलच्या काचा बसू लागल्या, दाराच्या पुढच्या कोपऱ्यात उघडणारी त्रिकोणी काचही आली, आणि बिजागऱ्या मात्र बाहेरच राहिल्या. ही दारं व्हॅनच्या खांबावर जुन्याच जागी टांगता येतात. मागवताना दाराबरोबर लॉक, खांबावरचा स्ट्रायकर (लॉक ज्यात अडकतं तो तुकडा), आतली हँडलं आणि काच वरखाली करणारं मशीन, सगळं एकाच गाडीचं मागवा. आम्ही मागवलेल्या जोडीत एका दाराचं मशीन आलंच नाही, आणि विकणाऱ्याने दुसऱ्या दारातली काच न काढता, न बांधता तशीच जहाजाने धाडली होती. खोकं हलवलं तर आत खडीसाखर वाजावी तसा आवाज.

आता रोजच्या वापरात फरक काय पडतो ते.

पाणी हे सगळ्यात मोठं कारण सांगितलं जातं, आणि तेच सगळ्यात कच्चं आहे. सरकत्या काचेत पाणी खालच्या खाचेत साचतं आणि खाचेतलं अस्तर, म्हणजे फेल्ट, कुजला की आत झिरपून दाराच्या खिशात उतरतं. हँडलच्या दारात पाणी काचेवरून ओघळून दाराच्या पोटात जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. भोकं चिखलाने बुजली की दाराचा तळ आतून सडतो, आणि ते तुम्हाला दिसत नाही. पाण्याने फक्त वाट बदलली. सरकत्या काचेचा गंज निदान डोळ्यांसमोर असतो. नवा फेल्ट, नवी खाच, तळाची भोकं मोकळी एवढं केलं तर माझी गाडी जोराच्या पावसातही बरीच कोरडी राहते. एका दिवसाचं काम आहे. फक्त खाच बसवण्याआधी तिच्याखालचा पत्रा ब्रशने साफ करून रंगवा, नाहीतर नव्या फेल्टखाली जुना गंज सुखाने नांदतो.

हवेचं मात्र वेगळं आहे. व्हॅनला मागे बाजूच्या खिडक्याच नाहीत. त्यालाही कारण आहे: ब्रिटनमध्ये तेव्हा माल वाहणाऱ्या गाडीवर खरेदी कर नव्हता, मागे खिडक्या पाडल्या की ती प्रवासी गाडी धरली जाई. बऱ्याच मिनी कारमध्ये मागच्या बाजूची काच थोडी उघडते, व्हॅनमध्ये पुढची दोन दारं हीच काय ती हवा. सरकती काच कशीही ओढली तरी निम्मीच खिडकी उघडते. जुलैच्या उन्हात, मागे पत्र्याचा डबा तापलेला असताना, हा निम्मेपणा जाणवतो. हँडलच्या दारात पूर्ण काच खाली, त्रिकोणी काच वळवून वारा थेट तोंडावर. इथे ऑस्ट्रेलियन दार सरळ जिंकतं. पार्किंगच्या यंत्रातून तिकीट घेतानाही तेच: सरकत्या काचेतून हात काढायचा म्हणजे कोपर मोडून, खांदा चेपून.

जागा हा उलटा हिशेब. ही गाडी बाहेरून जेमतेम १.४१ मीटर रुंद. सरकत्या काचेमुळे दाराला आतला पत्रा लागत नाही, म्हणून तिथे तो भला मोठा खिसा आहे आणि कोपराला मोकळी जागा. मिनीचा रचनाकार इसिगोनिस, त्याने म्हणे हे खिसे जिनच्या बाटल्यांच्या मापाने केले. किस्सा खरा असो नसो, माझ्या खिशात डबा, थर्मास, छत्री आणि पाने-पेचकस बसतात. हँडलच्या दारात हे सगळं गेलं. शिवाय हँडल गुडघ्याला लागतं. मी पावणेसहा फूट, मला लागतं. माझ्या बायकोला नाही. घेण्याआधी अशा दारांच्या गाडीत एकदा बसून पाहाच.

वजनाचा मुद्दा लोक विसरतात. हँडलचं दार जड. जुन्या दाराला पूर्ण उघडून मागच्या कडेने वर उचला. बिजागरीत खडखड झाली किंवा पुढचा खांब हलला, तर आधी तो पत्रा नीट करा. ज्याच्या व्हॅनला मी दारं बसवू लागलो, तो मित्र घाईत होता. महिन्याभरात दार खाली बसलं आणि लावताना उचलून लावावं लागू लागलं, अगदी मुंबईच्या जुन्या फियाट टॅक्सीसारखं. त्या टॅक्सीत काच खाली करायला ड्रायव्हर डॅशबोर्डवरून एकुलतं एक हँडल काढून मागे द्यायचा, तेही आठवलं.

चोराच्या दृष्टीने सरकती काच कधीही सोपी. जुना खटका झिजला की बाहेरून ढकलून उघडते. गाडी रस्त्यावर उभी राहत असेल तर याला माझ्या लेखी मोठं वजन आहे. गॅरेज असेल तर नाही.

मित्राला मी सांगितलं ते असं. पाणी आणि खडखडाट हीच तक्रार असेल तर दारं बदलू नकोस, खाच आणि फेल्ट बदल. खर्चाची तुलनाच नाही. उन्हाळ्यात लांबचा प्रवास, मागे मुलं नाहीत पण कुत्रा आहे, आणि गाडी रात्री रस्त्यावर, तर ऑस्ट्रेलियन दारं घे. त्याच्याकडे कुत्रा आहे. दारं शोधतोय.

जुनी दारं विकू नकोस, हेही सांगितलं. पुढे गाडी विकायची झाली तर मूळ दारं मागणारा गिऱ्हाईक भेटतोच. फक्त प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नयेत, आत घाम धरतो. खिशाची भोकं खाली येतील अशी, लाकडी पट्ट्यांवर उभी ठेवावीत.