मागच्या सीटखाली दोन शॅलो-माउंट सबवूफर : आठ महिन्यांनंतर

माझ्या डबल कॅब पिकअपच्या मागच्या सीटखाली १० इंची दोन शॅलो-माउंट सबवूफर (फक्त बेस वाजवणारे, कमी खोलीचे चपटे स्पीकर) बसवून आठ महिने झाले. खोका सीलबंद, वूफरची तोंडं खाली जमिनीकडे. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं, दुसऱ्या महिन्यात बसलो असतो तर नुसत्या शिव्या. आता दोन्हीचा भर ओसरलाय.

पिकअपला डिकी नाही, हे सगळ्या त्रासाचं मूळ. सीटमागे हातभर जागा सोडली की थेट पत्रा. त्यामुळे साधा ६-७ इंच खोलीचा वूफर बाद, आणि उरतात चपटे. साध्या वूफरमध्ये वर कोन (हलून हवा ढकलणारा पडदा), त्याखाली स्पायडर (कोनाला मधोमध धरून ठेवणारं कापड), त्याखाली मॅग्नेट अशी उतरंड असते. चपट्यात ती उतरंड मोडून एकाच्या पोटात दुसरं बसवलेलं असतं : कॉइल (कोनाला हलवणारं तारेचं वेटोळं) रुंद, कोन जवळजवळ सपाट, मॅग्नेट बराचसा कोनाच्या आत शिरलेला. बहुतेकांची खोली ३ ते साडेतीन इंचांत बसते. जेएल ऑडिओचा १३टीडब्ल्यू५ तर साडेतेरा इंची असून खोलीला अडीच इंचच आहे. त्यासाठी त्यांनी स्पायडरची रचनाच वेगळी केली. तो माझ्या ऐपतीबाहेरचा होता, म्हणून विषय तिथेच संपला.

मी घेतलेल्याची खोली डब्यावर ८४ मिलिमीटर छापलेली होती. पहिली चूक इथेच झाली, आणि ती इतकी साधी होती की सांगायला लाज वाटते.

सीटखाली किती उंची आहे हे मी टेपने मोजलं होतं : १६० मिलिमीटर. पण रिकाम्या सीटखाली. माणूस बसला की सीटचा पत्रा आणि फोम खाली येतात, हे डोक्यातच आलं नाही. पुढे मुलाच्या खेळण्यातल्या मातीचे मूठभर गोळे जमिनीवर चार ठिकाणी ठेवले, सीट पाडली आणि वजनदार मेहुण्याला वर बसवून थोडं हलायला सांगितलं. सीट उचलली तर सगळ्यात चेपलेला गोळा १४० वर आला होता. म्हणजे हातात १४०, १६० नव्हे.

दुसरी भानगड त्या ८४ मध्येच होती. ही खोली रिमच्या खालच्या कडेपासून मॅग्नेटच्या बुडापर्यंत मोजतात. रिमच्या वर सराउंड, म्हणजे कोनाभोवतीचं रबराचं कडं, फुगलेला असतो तो त्यात नाही, आणि कोन बाहेर येतो ते अंतरही नाही. माझ्या वूफरचा सराउंड फळीपासून १८ मिलिमीटर वर येतो आणि जोरात वाजताना आणखी १२-१३ पुढे सरकतो. म्हणजे ८४ नंतर आणखी ३० तरी हवेतच. शिवाय मॅग्नेटमागे १० मिलिमीटर मोकळे ठेवायचे, नाहीतर कॉइलची गरम हवा जायला वाट राहत नाही. त्यावर मागची फळी, तोंड खाली असल्याने तीच खोक्याची वरची. पहिला खोका मी सगळीकडून १८ मिलिमीटर एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) केला होता : १८ अधिक १० अधिक ८४ अधिक ३१, बेरीज १४३. तीन मिलिमीटर जास्त. मागे कुणी नसताना छान वाजायचा. मागे माणूस बसला आणि आवाज वाढवला की खालून टप्, टप्, टप्. सीटच्या दाबाने खोका गालिच्यात रुतत होता आणि सराउंड जमिनीवर आपटत होता. रबरावर पांढुरका चट्टा उठलेला दिसला तेव्हा पोटात गोळाच आला.

दुसऱ्या खोक्यात वरची फळी १२ मिलिमीटर प्लायची घेतली आणि आत आडवे ठोकळे देऊन ती कडक केली. आता खोका १०६ चा आणि खाली ३४ मोकळे. एवढ्यात भागलं.

तोंड खाली केल्यामुळे कोन वजनाने लोंबेल, अशी भीती बऱ्याच जणांनी घातली. हिशेब सोपा आहे. मोकळ्या हवेत वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या (ज्या गतीने कोन सगळ्यात सहज डोलतो ती) ३३ हर्ट्झ धरली तर स्वतःच्या वजनाने कोन खाली येतो तो जेमतेम पाव मिलिमीटर. ज्याला दोन्ही बाजूंना दहा-बारा मिलिमीटर धावायचं आहे त्याला पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. आठ महिन्यांनी पट्टी लावून पाहिलं, डोळ्यांना फरक दिसत नाही.

१० चे दोनच का? १२ चा एक घेतला तर कोनाचं क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंटिमीटर, १० चे दोन मिळून ६८० च्या आसपास. चपट्या वूफरला धाव कमी असते, म्हणून हवा ढकलायचं काम क्षेत्रफळावर टाकायचं, एवढाच विचार. तितकाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट धावावं लागतं. ८० हर्ट्झला जो कोन आरामात डुलतो तोच ४० ला धापा टाकतो. शिवाय सीटखालची जागा लांबोळकी, त्यात दोघे शेजारी नीट बसतात. खोक्यात मधोमध फळी घालून प्रत्येकाला साडेतेरा लिटरचा वेगळा कप्पा दिला. ती फळी पुढे वेगळ्याच कामाला आली.

आता रुळवण्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. नवा वूफर कडक असतो, वीस-तीस तास हळू वाजवून रुळवल्याशिवाय खरा आवाज देत नाही, असं जो तो सांगतो. माझ्याकडे दोन वूफर एकाच खेपेचे होते. मग एकाला रुळवलं आणि दुसरा तसाच डब्यात ठेवला.

त्याआधी दोघांचीही मोजणी केली. त्यासाठी महागडं काही लागत नाही. एक जुना छोटा ॲम्प, फोनवरचा टोन जनरेटर, वूफरच्या मालिकेत १ किलोओहमचा रेझिस्टर आणि कॉइलवर व्होल्टमीटर. वूफर मोकळ्या हवेत उभा धरायचा आणि टोन एकेक हर्ट्झने वर न्यायचा. एका जागी आकडा चढून पुन्हा उतरू लागतो. ती टोकाची जागा म्हणजे नैसर्गिक कंपनसंख्या. दोन्ही नवे वूफर ३६ च्या आसपास निघाले. मग एकाला टेबलाच्या कडेला उभा बांधून २५ हर्ट्झच्या टोनवर सोडून दिला, कोन पाच-सहा मिलिमीटर हलेल इतकाच. बंद खोलीत बाहेर ऐकूही येत नाही, फक्त समोर हात धरला तर वारा लागतो. मोकळ्या हवेत कोनाला आवरायला खोक्यातली हवा नसते, म्हणून यापेक्षा जोर देऊ नये. लोक इथेच वूफर फोडतात. तासाभराने मोजलं : ३४. रात्रभर चालवून सकाळी : ३३. म्हणजे बरंचसं काम पहिल्या तासातच उरकलं होतं.

तर फरक पडतो. स्पायडरचं कापड आणि सराउंडचं रबर सैल होतं हे खरं. मग दोन्ही वूफर आपापल्या कप्प्यात बसवले आणि पुन्हा मोजले. रुळवलेला ५६, कोरा ५७-५८.

मोकळ्या हवेत तीन हर्ट्झचा फरक, खोक्यात गेल्यावर दीड-दोनचा. कारण एवढ्याशा सीलबंद खोक्यात कोनाला परत ओढणारी मुख्य स्प्रिंग सराउंड नसतोच, आत कोंडलेली साडेतेरा लिटर हवा असते. सराउंड मऊ झाला तरी हवा काही मऊ होत नाही. मी डोळे मिटून बसलो आणि बायकोला एकेका वूफरची वायर काढत-लावत राहायला सांगितलं. दहापैकी पाच वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवूनही तेवढंच जमलं असतं. तीन महिन्यांनी दोघे पुन्हा मोजले तेव्हा कोराही गाणी वाजवता वाजवता आपोआप तिथेच येऊन पोचला होता.

मग 'महिन्याभरात आवाज उघडला' असं मला वाटलं ते काय होतं? अगदी खरं वाटलं होतं. पण त्याच महिन्यात मी खोक्याच्या एका कोपऱ्यातली गळती बुजवली, आत पॉलिफिल (पॉलिस्टरचा कापूस) भरलं, आणि वूफरची वायर उलटी करून पाहिली. यातली वायरच भारी पडली. चालकाच्या जागी बसलं की ८० हर्ट्झच्या आसपास दारातले स्पीकर आणि मागचे वूफर एकमेकांचा आवाज खात होते. प्लस-मायनस बदलताच ढोलकीचा ठोका मागून उठून पुढे डॅशबोर्डपाशी आला. दोन स्क्रूंचं काम. ज्यांना वूफर 'अजून रुळला नाही' असं वाटतंय त्यांनी आधी हे करून बघा.

गळतीची परीक्षाही सोपी आहे. दोन्ही तळव्यांनी कोन हलकेच सरळ आत दाबायचा आणि सोडायचा. सावकाश परत आला तर खोका घट्ट, फट्कन उसळला तर कुठेतरी फट आहे. माझी फट वायरच्या टर्मिनलखाली निघाली. सिलिकोन लावल्यावर एक दिवस वाळू द्या, आंबट वास पूर्ण जाईपर्यंत वूफर बसवू नका; ती वाफ आत कोंडू नये.

वायरिंगमध्ये नवल काही नाही. प्रत्येक वूफरला २ ओहमच्या दोन कॉइल. त्या मालिकेत जोडून ४, मग दोन्ही वूफर समांतर जोडून २ ओहम. क्लास डी ॲम्प त्या भारावर ५०० वॉटचा, म्हणजे बॅटरीतून ४५ ॲम्पियर सहज ओढणारा, म्हणून ४ गेजची अस्सल तांब्याची केबल आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज. अर्थिंगसाठी रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा केला. गेन (ॲम्प आवाज किती वाढवणार ते ठरवणारं बटण) कानाने लावला नाही : वूफर सोडवून, ५० हर्ट्झचा टोन लावून, मीटरवर २८ व्होल्ट येईपर्यंत. २ ओहमवर २८ व्होल्ट म्हणजे साधारण ४०० वॉट.

दुसऱ्या महिन्यातल्या शिव्या इथल्याच. भाच्याने गाडी दोन तास नेली आणि ॲम्पवरचं बेस बूस्ट ९ डेसिबलवर फिरवून ठेवलं. ९ डेसिबल म्हणजे त्या पट्टीत आठपट वॉट मागणं. ॲम्पकडे ते नाहीतच, मग तो लाटेचं डोकं छाटून देतो आणि कॉइल तापत जाते. तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे आवाज उलट बसतो, आणि ऐकणारा आणखी वाढवतो. चपट्या वूफरमध्ये धातू कमी, वारा कमी, त्यामुळे हे लवकर होतं. गाडी परत आली तेव्हा सीटखालून जळक्या वार्निशचा वास येत होता. नशिबाने कॉइल वाचली. थंड झाल्यावर रोध मोजला तर जुनाच आकडा. वास मात्र पंधरा दिवस गेला नाही. बूस्टचं बटण तेव्हापासून शून्यावर, वर चिकटपट्टी.

आवाज कसा आहे? मला आवडला, मर्यादा धरून. कॅबिन अडीच मीटर लांब, त्यामुळे ७० हर्ट्झच्या खाली गाडीच बेसला हात देते आणि सीलबंद खोक्याचा उतार बराच भरून निघतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घसीट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी उतरते, मध्येच एखाद्या सुरावर फुगत नाही. माझी परीक्षा तीच. ३५ च्या खाली मात्र फार अपेक्षा ठेवू नये. छाती दणाणून सोडणारा, आरसे हलवणारा बेस हवा असेल तर चपटा वूफर आणि सीटखालची जागा ही जोडी तुमच्यासाठी नाही, मग तो कितीही रुळवा. थंडीत सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं आवाज किंचित आखडलेला असतो, मग सुटतो.

आठ महिन्यांत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो खडखडाटाने. सीटची कडी, पट्ट्याचं बकल, मागच्या काचेची पट्टी. ३० ते ८० हर्ट्झचा टोन सावकाश वर नेत एकाने गाडीभर हात फिरवायचा. हात ठेवल्यावर जे गप्प बसतं त्याला फेल्ट लावायचं. एमडीएफमधले स्क्रू पाचव्या महिन्यात सैल झाले होते, आता टी-नट (फळीत ठोकून बसवायचे धातूचे नट) घातलेत. ओल्या बुटांचं पाणी खोक्याखाली जातं, म्हणून बुडाला रंगाचे तीन हात आणि रबरी पाय.

पुन्हा घ्यायचे झाले तर हेच घेईन, फक्त मातीचे गोळे आधी ठेवीन. एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सीटखालचा जॅक बाहेर काढावा लागला, आणि त्याला दुसरी जागा सापडलेली नाही. सध्या तो मागे बसणाऱ्याच्या पायाशी गोणपाटात गुंडाळून असतो, आणि ४५ हर्ट्झला वाजतो.